लेकरू घेऊन सासर सोडलं तर अर्ज कुठं करायचा, कागद कोणते लागतात

मागच्या उन्हाळ्यात माझी मावसबहीण पाच महिन्याचं लेकरू घेऊन एसटीनं माहेरी आली. पिशवीत दोन झबले, दुधाची बाटली, पदराच्या गाठीला ऐंशी रुपये. आधार कार्ड सासरच्या कपाटात राहिलं आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा जोडलेला, त्यामुळं ओटीपी पण त्यालाच जायचा. त्या एका कार्डापायी पार दीड महिना गेला, म्हणून हे लिहायलेय.

निघायच्या आधी जमलं तर आधार, रेशन कार्ड, लग्नाचे फोटो किंवा पत्रिका, दागिन्यांच्या पावत्या, दवाखान्याचे कागद आणि लेकराचं लसीकरणाचं कार्ड घ्या. नसतील घेता येत तर फोटो काढून बहिणीला पाठवा अन् आपल्या फोनमधून डिलीट करा. काहीच हाताला लागलं नाही तरी थांबू नका, जीव आधी. आधारला आपला नंबर सेंटरवर अंगठा देऊन बदलता येतो, जन्मदाखला जिथं नोंद झाली तिथून परत मिळतो. रात्रीबेरात्री 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) लावा. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला लेकरासकट पाच दिवसांपर्यंत राहता येतं.

आता मुख्य अर्ज. आपल्याकडं केस म्हणलं की नवरा जेलात जाणार असंच वाटतं, मग सासू रडते, भाऊ म्हणतो जाऊ दे, आणि बाई मागं सरते. पण 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा हा संरक्षण, खर्च आणि राहायला जागा मिळावी यासाठी आहे. नवऱ्यानं कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो. मारहाणच पाहिजे असं नाही, शिवीगाळ, खर्चाला पैसे न देणं, दागिने काढून घेणं हे पण यात बसतं. लग्न न करता नवराबायकोसारखं राहिलेल्या बाईलाही लागू आहे.

महिला व बालविकासच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं जायचं. ते तुमचं ऐकून घटनेचा अहवाल भरतात, त्याला सगळे डीआयआर म्हणतात, त्याची प्रत मागून घ्या. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टात अर्ज, आणि हे फार महत्त्वाचं आहे, तुम्ही आत्ता राहता तिथल्या कोर्टात करता येतो. सासर बीडला अन् माहेर परभणीला असेल तर परभणीत करा, तान्हं लेकरू घेऊन बीडच्या चकरा कशाला. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसात आणि निकाल 60 दिवसात असं लिहिलंय, पण प्रत्यक्षात लांबतं, म्हणून अर्जासोबतच अंतरिम खर्च (निकाल लागेपर्यंतचा), लेकराचा तात्पुरता ताबा आणि स्त्रीधन (लग्नात आपल्याला मिळालेले दागिने, वस्तू) परत असं सगळं मागा. नंतर मागू म्हणलं की महिने जातात. लेकरू हिसकावून घेऊ अशी धमकी देतात, पण हिंदू कायद्यात पाच वर्षांच्या आतल्या लेकराचा ताबा साधारणपणे आईकडंच असतो.

वकिलाला पैसे नाहीत? कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

पोटगी येईपर्यंत घर कसं चालवायचं हा खरा प्रश्न. तहसीलमधी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा, घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या किंवा घटस्फोट होऊन पोटगी न मिळणाऱ्या बाईला महिना 1,500 मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत आणि महाराष्ट्रात 15 वर्षं रहिवास पाहिजे. लेकरासाठी वेगळी बालसंगोपन योजना आहे, महिना 2,250, तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. बँक खातं फक्त आपल्या एकटीच्या नावावर, आधार जोडलेलं अन् मेसेज आपल्याच फोनवर येणारं पाहिजे. माहेरच्या अंगणवाडीत पण नाव घाला, लेकराला सहा महिन्यापासून घरी न्यायचा आहार मिळतो आणि लसी चुकत नाहीत.

कोर्टाच्या आदेशाची प्रत फुकट मिळते. मिळाली की एक झेरॉक्स पोलीस ठाण्यात द्या आणि आपल्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या.