सी प्लस प्लसमध्ये छापायला << च का?

बऱ्याच कॉलेजांत सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रॅक्टिकलला ठरलेला प्रश्न असतो, कॉम्प्लेक्स नंबरचा क्लास (म्हणजे आपण बनवलेला टाइप) लिहा आणि << ओव्हरलोड करा, म्हणजे त्या चिन्हाला आपल्या क्लाससाठी नवा अर्थ द्या. पोरं पाठ करून लिहितातही, पण ही भानगड मुळात सुरू का झाली हे कुणी सांगत नाही, आणि ते कळलं ना की तो फ्रेंड फंक्शनचा (क्लासबाहेरचं, पण त्याचा प्रायव्हेट डेटा वापरू शकणारं फंक्शन) मंत्र पाठच करावा लागत नाही.

बियार्ने स्त्रूस्त्रुपने 1979 मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जला, सी भाषेत क्लास आणणाऱ्या ‘सी विथ क्लासेस’वर काम सुरू केलं, 1983 मध्ये त्याचं नाव सी प्लस प्लस झालं. छापायला तेव्हा सीचं प्रिंटएफ हे फंक्शन होतं. त्याला फक्त सीचे ठरलेले टाइप कळतात, तुमचा क्लास छापायला त्यात कोड वाढवायची सोयच नाही, वर %d (पूर्णांक छापायची खूण) लिहून चुकून स्ट्रिंग दिली तरी त्या काळी कंपायलर गप्प आणि चालवल्यावर कचरा. स्त्रूस्त्रुपला हवं होतं की इंट (पूर्णांक) जसा छापला जातो तसाच आपण बनवलेला टाइपही छापला जावा.

फंक्शनऐवजी ऑपरेटर (म्हणजे + सारखं चिन्ह) वापरायची कल्पना बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉयची, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या जागी) आउटपुट वळवायला > वापरतात त्यावरून सुचलेली. पण कुठला ऑपरेटर? = चा विचार झाला, पण तो उजवीकडून जुळतो, त्यामुळे एकापुढे एक छापायची साखळी उलटी होते. मग < आणि > वापरून पाहिले, तर लोकांच्या डोक्यात लहान-मोठं इतकं पक्कं की कोड वाचवेना, शिवाय बहुतेक कीबोर्डवर < स्वल्पविरामाच्याच बटणावर, त्यामुळे लोक < च्या जागी स्वल्पविरामच टाकून मोकळे व्हायचे. << ला हा त्रास नव्हता, आणि त्याची प्रायॉरिटी बेरीज-गुणाकाराच्या खाली असल्याने a*b+c बिनकंसाचं छापता येतं. (& वापरलं तर मात्र कंस हवाच, तिथे आजही लोक फसतात.) मला तर ही निवड फार विचारपूर्वक केलेली वाटते.

आता प्रॅक्टिकलकडे बघा. चिन्हाच्या डावीकडे स्ट्रीम (जिथे छापायचं ते, उदा. cout) असते, तुमचा ऑब्जेक्ट उजवीकडे, म्हणजे मेंबर (क्लासच्या आतलं फंक्शन) करायचं तर लायब्ररीचा क्लास फोडावा लागेल, म्हणून फंक्शन बाहेर, आणि आतला प्रायव्हेट डेटा थेट लागत असेल तर फ्रेंड. स्ट्रीमचाच रेफरन्स (नक्कल नाही, तीच स्ट्रीम) परत करतो तो पुढचं << जोडता यावं म्हणून.

स्त्रूस्त्रुपची ही छापायची 1984 ची लायब्ररी पुढे जेरी श्वार्ट्झने नव्याने लिहिली, सी प्लस प्लसच्या 1989 च्या रिलीज 2.0 बरोबर ती आयओस्ट्रीम म्हणून आली. सी प्लस प्लस 20 या आवृत्तीमध्ये फॉरमॅट आणि 23 मध्ये प्रिंट आलं, म्हणजे प्रिंटएफसारखी मांडणी परत आली, पण टाइपची तपासणी आणि स्वतःच्या क्लासची सोय ठेवून.