कुष्ठरोगजन्य नेत्रदाह

कुष्ठरोगाच्या जंतूंमुळे, किंवा त्यांच्यावर शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेमुळे, डोळ्याच्या पुढच्या भागाला येणारी सूज. आर्मौर हॅन्सन यांना १८७३ मध्ये सापडलेला हा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो. म्हणून नाक आणि कानाच्या पाळ्यांप्रमाणे डोळ्याचा दर्शनी भागही त्याच्या तावडीत सापडतो. आतला दृष्टिपटल सहसा वाचतो.

तीव्र प्रकार ओळखू येतो. अंगावर दुखऱ्या लाल गाठी, ताप, आणि त्यातच डोळा लाल होतो, उजेड सोसवत नाही, बाहुली आक्रसते. घातक ठरतो तो मंद प्रकार. त्यात ना लाली, ना ठणका. बुबुळातला रंगीत पडदा (परितारिका) वर्षानुवर्षे झिजतो, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. पडद्यावर खसखशीसारखे पांढरे कण दिसले, तर ती कुष्ठरोगाचीच खूण.

मराठवाड्यात लाल डोळा दिसला की ‘डोळे आले’ म्हणून मेडिकलमधून थेंब आणले जातात. डोळे आले की चिपडे धरतात. इथे चिपडे जवळजवळ नसतात आणि लाली बुबुळाच्या कडेने दाटते. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर डोळाच जाऊ शकतो. जखम तर सहज होते: चेहऱ्याची नस दुबळी झाल्याने पापणी पुरती मिटत नाही आणि बुबुळ बधिर असते. ज्वारीचे कूस किंवा उसाचे पाचट लागले तरी माणसाला पत्ता नसतो.

स्टेरॉइड आणि बाहुली मोठी ठेवणारे ॲट्रोपिन हे मुख्य उपचार, पण नेत्रतज्ज्ञाने तपासल्यावरच. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर व नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार (एकत्र घ्यायची अनेक औषधे) सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. जंतू जास्त असलेल्यांना तो १२ महिने घ्यावा लागतो. बीड-धाराशिवकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, तेव्हा गोळ्यांचे २८ दिवसांचे पत्ते बिऱ्हाडासोबत न्यावे लागतात. औषधोपचार पूर्ण झाल्यावरही डोळ्याची सूज उद्भवू शकते. ‘आता बरा झालो’ म्हणून तपासणी सोडणारे इथेच फसतात.

पापणी मिटत नसेल तर रोज आरशात डोळा पाहणे, आठवणीने पापण्या मिटणे, दिवसा गॉगल आणि रात्री डोळ्यावर स्वच्छ फडके एवढे घरी करता येते. सहा महिन्यांहून जुना दोष असेल, तर पापणीच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.