चहाची तलफ आणि चहाचं डोकं

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात दर १ जानेवारीला कुणी ना कुणी चहा सोडतं. पहिला दिवस उत्साहात जातो. २ तारखेला दुपारी तोच गडी एका हाताने कपाळ दाबत, दुसऱ्या हातात कागदी कप घेऊन पॅन्ट्रीत उभा असतो आणि म्हणतो, "तलफच एवढी येते ना, नाही राहवत."

अरे बाबा, तलफेने डोकं दुखत नाही. ते दुखतंय वेगळ्याच कारणाने, आणि दोन्हींना तू एकच नाव देतोस म्हणून दरवर्षी २ तारखेला हरतोस. हे पाच-सहा जणांना तोंडी सांगून झालंय. आता एकदाच लिहून टाकते.

तलफ कशी असते हे ठाण्याच्या माणसाला शिकवायला नको. चार वाजतात, लिफ्टपाशी दोघं घुटमळताना दिसतात, खाली टपरीवर आलं ठेचल्याचा आवाज येतो, की आली. तिला ठरलेली वेळ लागते, वास लागतो, सोबत लागते. आणि येते तशीच निघूनही जाते. चारची मीटिंग लांबली तर साडेपाचला आठवतं की अरे, आज चहा राहिलाच. तिची समजूत कशानेही निघते: गवती चहा, नुसतं आल्याचं गरम पाणी, कधी तर खाली जाऊन चार लोकांत उभं राहून कुणाची तरी निंदा करणं. तलफेला कप हवा असतो. कपात काय आहे याची ती फारशी चौकशी करत नाही.

चहाच्या डोक्याला, म्हणजे चहा चुकला की ठणकणाऱ्या डोक्याला, कपाशी काही देणंघेणं नसतं. ते दोनच गोष्टी मोजतं. शेवटचं कॅफीन पोटात जाऊन किती तास झाले, आणि रोजच्यापेक्षा किती कमी गेलं.

आपण जागे असतो तसतसं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की पेंग यायला लागते. कॅफीन नेमक्या त्याच जागा अडवतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. ॲडेनोसिन उभंच राहतं आणि आपण म्हणतो, काय तरतरी आली! पण रोज रुमाल पडायला लागले की मेंदू सीटाच वाढवतो. मग एके दिवशी रुमाल आलेच नाहीत, तर त्या सगळ्या वाढीव सीटांवर ॲडेनोसिन ऐसपैस बसतं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कपाळ ठणकतं, अंग जड होतं, कामात लक्ष लागत नाही, आणि घरच्यांवर विनाकारण वसवस सुरू होते. काहींना मळमळही होते, आणि इथेच आपल्याकडे 'पित्त' हा शब्द घरात शिरतो.

याचं वेळापत्रकही ठरलेलं आहे. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरुवात, पहिल्या-दुसऱ्या दिवशी कळस, आणि सगळं निवळायला २ ते ९ दिवस. प्रयोगांत साधारण निम्म्या लोकांचं डोकं दुखलेलं आहे, म्हणजे ते सगळ्यांचं दुखतंच असंही नाही. आणि त्यासाठी दिवसाला दहा कप ढोसणारा असायची गरज नाही. रोज १०० मिलिग्रॅम कॅफीनची सवयही पुरते, म्हणजे घरचे दोन-तीन कप.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे माझं एकटीचं म्हणणं नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका, डीएसएम-५, २०१३ साली आली. तिने कॅफीन थांबल्यावर होणारा त्रास, म्हणजे विड्रॉवल, रीतसर निदानांच्या यादीत घेतला. ओढ, ताबा सुटणं वगैरे मिळून होणारं 'कॅफीनचं व्यसन' मात्र 'अजून अभ्यास हवा' या रांगेत ठेवलं.

आता माझं स्वतःचं. जवळजवळ दोन वर्षं मला 'रविवारचं पित्त' होतं. सकाळी नौपाड्यातल्या घरात उठायचं तेच डोळ्यांमागे ठणका घेऊन. सासूबाईंचं निदान तयार असायचं. "काल रात्री मिसळ खाल्लीस. पित्त झालंय तुला." मग मोरावळा पुढे यायचा, आणि त्याच्यामागून वाफाळता कप. "दोन घोट घे, डोकं उतरेल." मी म्हणायचे, "आई, चहानेच पित्त होतं असं तुम्हीच म्हणता ना?" "ते उपाशीपोटी," त्या म्हणायच्या. रविवारी सकाळी माझ्या पोटात दुसरं काय होतं, हे त्यांना विचारायची माझी हिंमत नव्हती. पण पाऊण तासाने डोकं खरंच उतरायचं, आणि श्रेय मोरावळ्याला जायचं.

मिसळ न खाल्लेल्या शनिवारनंतरही पित्त वेळेवर हजर झालं, तेव्हा मी कपांचा हिशेब मांडला. सोमवार ते शुक्रवार पाच चहा. पहाटे साडेसहाचा घरी, मग नऊ, अकरा आणि चारचा ऑफिसच्या मशीनचा, आणि संध्याकाळी साडेसहाला घरी आल्यावर एक. रात्रभराचं अंतर बरोबर बारा तास. शनिवारी मात्र शेवटचा चहा दुपारी चारला, आणि रविवारी मी उठणार साडेनऊला. साडेसतरा तास! पित्ताला वार कळत नाही. हे दुखणं मात्र कॅलेंडर बघून येत होतं.

शिक्कामोर्तब केलं एका गोळीने. एका रविवारी दूध फाटलं. मी गोखले रोडवरून डोकेदुखीची गोळी आणली, घेतली आणि अर्ध्या-पाऊण तासात ठणठणीत झाले. चहाशिवाय डोकं थांबलं, म्हणजे कॅफीनचा काही संबंध नाही, असं सासूबाईंना ठणकावून सांगायला निघाले होते. सहज पाकीट उलटं केलं. पॅरासिटामोलच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: कॅफीन, ५० मिलिग्रॅम. एक कप चहा मी पाण्याबरोबर गिळला होता, तोही बिनसाखरेचा. डोकेदुखीच्या सगळ्याच गोळ्यांत ते नसतं, साध्या पॅरासिटामोलमध्ये तर नाहीच. पण चहा सोडलाय आणि गोळीवर दिवस काढतोय असं म्हणणाऱ्याने पाकीट जरूर उलटं करून बघावं.

आपल्याला नेमकं काय झालंय हे ओळखायची माझी एक खूण आहे. पहिल्या घोटालाच "हां, आता कसं बरं वाटलं" झालं, तर ती तलफ होती. कारण तेव्हा कॅफीन अजून पोटातच आहे. रक्तात ते कळसाला पोचायला अर्धा ते एक तास लागतो. पहिल्या घोटाचं सुख हे वासाचं, उबेचं, गोडाचं आणि सवयीचं. पहिला कप संपला तरी कपाळ तसंच, आणि अर्ध्या-पाऊण तासाने भांडी घासताना अचानक लक्षात आलं की अरे, दुखायचं थांबलंय, तर ते चहाचं डोकं. गवती चहा पिऊनही बघा. तलफ भागेल, डोकं ढिम्म हलणार नाही. नावात चहा असला तरी ते गवतच. त्यात कॅफीनचा कणही नाही.

दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, आणि लोक नेमका एकाचा उपाय दुसऱ्यावर करतात. डोक्याशी मनोनिग्रहाने लढतात आणि तलफेला हळूहळू कमी करू म्हणून कुरवाळत बसतात. उलटं करा. तलफ ही सवय आहे, तिला त्या वेळी दुसरं काहीतरी हातात द्या आणि दहा-पंधरा मिनिटं काढा. कॅफीन मात्र एका झटक्यात तोडू नका, पायरी-पायरीने उतरवा. मी पाचावरून दोनवर यायला चार आठवडे घेतले. साधारण दर आठवड्याला एक पायरी, आणि एखाद्या पायरीवर डोकं कुरकुरलं तर तिथेच आणखी दोन दिवस. या महिनाभरात मी एकदाही कपाळाला बाम लावला नाही.

पहिला बळी द्यायचा तो संध्याकाळच्या कपाचा. कॅफीन निम्मं व्हायला धडधाकट माणसाला साधारण पाच तास लागतात. सिगारेट ओढणाऱ्यांत ते लवकर उतरतं, गरोदरपणात खूपच रेंगाळतं. साडेसहाच्या चहातलं निम्मं कॅफीन साडेअकराला, अंथरुणात आपण छताकडे बघत असताना, शाबूत असतं. सकाळचा कप सगळ्यात शेवटी. माझा तर अजूनही आहे आणि राहणार आहे.

हिशेब कपांचा नको, कॅफीनचा ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. चहाच्या एका वेळेला ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीच्या १५० मिलीलिटरच्या कपात ५० ते ६५, आणि उकळून वा गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०. माझे पाच कप म्हणजे १५० ते ३२५. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, असंही तिथेच लिहिलंय, पण ते चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही म्हणून. तो मुद्दा वेगळा, त्याची इथे खिचडी नको.

घरी हे सोपं आहे. दोन कपांना दोन चमचे पावडर टाकत असाल तर दीड टाका, मग सव्वा. रंगाला भुलू नका, आणि रंग येईना म्हणून दहा मिनिटं खळखळा उकळत बसू नका. उकळून कॅफीन उडून जात नाही. पावडरीत असलेलं जास्तीत जास्त पाण्यात उतरतं, एवढंच. ऑफिसच्या मशीनमध्ये पावडर आपल्या हातात नसते, तिथे कपच कमी करायचा. आणि कृपा करून 'मी आता फक्त कटिंग घेतो' हे सांगू नका. कटिंगवाल्या एका सहकाऱ्याचे मी एक दिवस ग्लास मोजले. आठ निघाले. कॉफीवाल्यांना एक सोय आहे. आपल्याकडे चिकोरी मिसळलेली कॉफी सर्रास मिळते आणि चिकोरीत कॅफीन नसतं, तेव्हा जास्त चिकोरीचं पाकीट घेतलं की कॅफीन आपोआप उतरतं.

उरलेले गैरसमज मी घाईत उरकते, कारण त्यांचा मला कंटाळा आलाय. ग्रीन टी चहाच्याच झाडाचा, कॅफीनसकट. गुळाचा चहा: गूळ साखरेच्या जागी आलाय, पावडरीच्या नाही. त्या पाट्या लावणाऱ्या दुकानांनी राम मारुती रोडची वाट अडवली तरी त्यातलं कॅफीन तेवढंच राहणार. दुधाने कॅफीन 'मारलं' जात नाही. डिकॅफमध्ये, म्हणजे कॅफीन काढून टाकलेल्या चहा-कॉफीतही, कॅफीन थोडं असतंच, कपामागे काही मिलिग्रॅम. आणि चहा सोडल्यावर तिसऱ्या दिवशी अंग जड झालं की 'शरीरातली घाण बाहेर पडतेय' म्हणणाऱ्या डिटॉक्सवाल्यांनी वरचा रुमालाचा परिच्छेद पुन्हा वाचावा. काहीही बाहेर पडत नाहीये, रुमाल उठलेत आणि सीटांवर ॲडेनोसिन बसलंय एवढंच.

प्रत्येक डोकं चहाचं नसतं, हेही खरं. अचानक, कधी नव्हे एवढं दुखलं, सोबत ताप असेल, मान आखडली असेल, बोलणं वा नजर अडखळत असेल, तर कपांचा हिशेब न मांडता थेट डॉक्टरकडे जा. आणि गरोदर असाल तर रोजची कॅफीनची मर्यादा साधारण २०० मिलिग्रॅम धरतात, तेव्हा किती आणि कसं उतरवायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

राहिल्या सासूबाई. त्या हरतालिकेचा उपास निर्जळी करतात, आणि दरवर्षी दुपारी तीनच्या सुमाराला डोक्याला फडकं बांधून आडव्या होतात. एरवीचे उपास त्यांना बाधत नाहीत, कारण उपासाला चहा चालतो. हरतालिकेला पाणीच नाही, तर चहा कुठला? उपाशी पोटानेही डोकं दुखतं, ते मला मान्य आहे. पण गेल्या वर्षी आधीचे पंधरा दिवस सकाळचा चहा मी केला, आणि त्यांना न सांगता रोज चिमूटभर पावडर कमी टाकत गेले. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी कप उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "दूधवाला पाणी घालायला लागलाय." दहाव्या दिवशी दूधवाला बदलला. हरतालिकेला दुपारी तीन वाजता त्या खुर्चीत बसून टीव्ही बघत होत्या, फडकं घडी घालून कपाटातच होतं. "यंदा देवीने सांभाळून घेतलं गं," त्या म्हणाल्या. मी "हो ना" म्हटलं. दुसऱ्या दिवशी गणपती बसल्यावर पहिला चहा मात्र त्यांनीच केला, दोन कपांना तीन चमचे पावडर घालून.