जनगणनेतलं ‘मुख्य’ काम : एका शब्दाची पार्श्वभूमी

जनगणनेच्या तक्त्यांत ‘मुख्य काम करणारे’, ‘सीमांतिक काम करणारे’ आणि ‘काम न करणारे’ हे तीन रकाने असतात. जिल्ह्याचं सामाजिक-आर्थिक समालोचन, म्हणजे आकडेवारीचं सरकारी पुस्तक, चाळणाऱ्यांना ते पाठ असतात, आणि पाठ असतात म्हणूनच घोळ होतो. १९७१ चा ‘मुख्य’ आणि १९८१ चा ‘मुख्य’ एकाच अर्थाचे नाहीत. छपाई तेवढी सारखी.

हा शब्द त्याआधीही होता. १९०१ ते १९२१ च्या खानेसुमाऱ्यांत मुख्य धंदा आणि जोडधंदा वेगवेगळे लिहून घेत. ज्यावर प्रामुख्याने पोट चालतं तो मुख्य. १९३१ मध्ये कमावते आणि अवलंबित अशी विभागणी झाली. १९५१ मध्ये स्वावलंबी, कमावते अवलंबित आणि न कमावते अवलंबित असे तीन गट केले गेले. गट बदलले तरी माप एकच होतं : पैसा, आणि तो स्वतःच्या पोटापुरता आहे का.

१९६१ ने हे माप टाकून दिलं आणि कमाईऐवजी काम मोजायचं ठरवलं. हंगामी कामासाठी निकष ढिला होता : हंगामाच्या बहुतांश काळात रोज तासाभराहून जास्त नियमित काम असलं की माणूस ‘काम करणारा’. त्याहून महत्त्वाचा होता प्रश्नांचा क्रम. शेती करता का, शेतमजुरी करता का, घरगुती उद्योग आहे का, दुसरं काही काम आहे का, हे सगळं आधी विचारायचं. सगळीकडे ‘नाही’ आलं तरच ‘मग काय करता?’

१९७१ मध्ये हा क्रमच उलटला. आधी विचारलं, तुमचं मुख्य काम कोणतं? त्या उत्तरावरूनच माणूस काम करणाऱ्यांत की न करणाऱ्यांत, हे ठरायचं. दुय्यम काम नंतर, वेगळ्या रकान्यात. हेतू वाईट नव्हता. १९६१ चा आकडा फुगलेला आहे अशी टीका होती आणि तो आवरायचा होता. पण हा प्रश्न ओसरीवर कसा पोहोचतो ते पाहा. प्रगणक खुर्चीवर, उत्तर द्यायला सासरे. सून पहाटे गोठा उरकते, दुपारी खुरपणीला जाते, संध्याकाळी चुलीपुढे बसते. ‘सूनबाईंचं मुख्य काम काय?’ ‘तिचं काय, घरीच असते.’ झालं. प्रगणकाने घरकामाचा संकेतांक टाकला आणि खुरपं दुय्यम रकान्यात गेलं, तेही कुणी आठवणीने सांगितलं तर.

परिणाम तक्त्यात उतरला. काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या १९६१ मध्ये सुमारे ५ कोटी ९४ लाख होती, १९७१ मध्ये सुमारे ३ कोटी १३ लाख. स्त्रियांमधलं प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर घसरलं. त्याच दशकात लोकसंख्या जवळपास ४४ कोटींवरून ५५ कोटींवर गेली होती. खातरजमा म्हणून आर्थिक प्रश्नांची फेरपाहणी करावी लागली. एवढ्या बायका दहा वर्षांत शेतातून उठून घरात बसल्या असं शेत पाहिलेला कुणी म्हणणार नाही, तरीही ही घसरण खरी मानून पुढे कितीतरी विवेचनं लिहिली गेली.

१९८१ ची तिहेरी रचना हा त्यावरचा उतारा. गेल्या वर्षभरात काही काम केलं का, हा पहिला प्रश्न. १८३ दिवस किंवा त्याहून जास्त असेल तर मुख्य, कमी असेल तर सीमांतिक, काहीच नसेल तर काम न करणारा. इथे ‘मुख्य’ला तिसरा अर्थ चिकटला. पोट कशावर चालतं किंवा वेळ प्रामुख्याने कशात जातो याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. उरलं फक्त अर्ध्या वर्षाचं गणित. सीमांतिकांसह स्त्रियांचं प्रमाण पुन्हा १९.७ टक्क्यांवर आलं, नुसत्या ‘मुख्य’चं १४.

१८३ हा आकडा कागदावर निर्विवाद वाटतो. पण शेतावर दिवस कुणी मोजत नाही. पेरणी, खुरपणी, वेचणी, काढणी असं वर्ष मोजतात, आणि त्याचे दिवस प्रगणक अंदाजाने करतो. ऊसतोडीची जोडी घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, बहुधा त्याच्या नावावर. पाऊस कमी पडला, ऊस कमी उभा राहिला की गाळप लवकर आटोपतं. गावी परतल्यावर दुसरी मजुरी मिळाली तर दिवस भरतात, नाही तर तीच बाई, तोच कोयता, आणि त्या वर्षी ती सीमांतिक.

‘सीमांतिक’ला आणखी एक भावंड आहे, ‘सीमांत शेतकरी’. तो एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला. एक शब्द जमिनीचा, दुसरा दिवसांचा. पाऊण एकरात वर्षभर राबणारा सीमांत शेतकरी जनगणनेत मुख्य काम करणारा असतो. बातम्यांत या दोघांची अदलाबदल सर्रास होते.

पुढची डागडुजी वेगाने झाली. १९९१ मध्ये शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरा, असं प्रश्नातच छापलं. २००१ मध्ये घरापुरतं दूधदुभतंही काम ठरलं. स्वयंपाक आणि पाणी भरणं मात्र बाहेरच राहिलं. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रिया भिकारी आणि कैद्यांसोबत ‘काम न करणाऱ्यां’त बसवल्या गेल्या, यावर २०१० मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात न्यायालयाने कडक शब्दांत ताशेरे ओढले. रकाना मात्र तसाच राहिला.

२०११ मध्ये सीमांतिकांचीही फोड झाली : तीन ते सहा महिने, आणि तीन महिन्यांहून कमी. त्या वर्षी ४८ कोटी काम करणाऱ्यांपैकी जवळपास १२ कोटी सीमांतिक निघाले; काम करणाऱ्या स्त्रियांपुरतं पाहिलं तर दहांपैकी चार.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ आहे. माहिती डिजिटल पद्धतीने घेतली जाईल, कुटुंबाला ती स्वतःही भरता येईल. ओसरीवरचा प्रगणक निदान ‘खुरपायला कोण जातं?’ असं उलट विचारू शकायचा. फोनवर उत्तर भरताना ते विचारणारं कुणी समोर नसेल.