दुःख म्हणजे पापाची शिक्षा? बायबल तसं म्हणत नाही

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वेळी किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांतही एक जुनं वाक्य हमखास निघतं: ‘कुणाचं तरी पाप भोवलं.’

बायबलचा त्याला आधार नाही. शिलोहातला बुरूज कोसळून १८ जण मेले, ते बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते काय, असं येशूच विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो (लूक १३). जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर: कोणाचंच नाही (योहान ९). ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ म्हणत ईयोबाला (निर्दोष असूनही सगळं गमावलेला बायबलमधला माणूस) सतावणाऱ्या मित्रांवर तर शेवटी देवच संतापतो. दारू पिऊन होडी खडकावर घातली, तर ती गोष्ट वेगळी; ते आपल्याच करणीचं फळ.

मग आशा कुठली? येशूचा प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. अर्थात हे रडणाऱ्याच्या तोंडावर फेकायचं वाक्य नव्हे. खुद्द पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे न सुटणारा एक त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे,’ एवढं उत्तर मिळालं, आणि काट्यासकट त्याचं काम चालू राहिलं.