परागकणांची परस्पर-ॲलर्जी (भूर्जवर्गीय वृक्ष)

एका झाडाच्या परागकणांविरुद्ध शरीरात तयार झालेले प्रतिपिंड दुसऱ्या झाडाचे परागकणही ओळखतात आणि त्यांच्यामुळेही शिंका, नाक गळणे, डोळ्यांची खाज, कधी दमा असा त्रास होतो. याला परस्पर-ॲलर्जी म्हणतात. तिचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण उत्तर व मध्य युरोपातील भूर्ज (बर्च) वृक्षाचे आहे. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, तो हिमालयातला भूर्ज याच वंशातला (जीनस).

या ॲलर्जीचे मूळ भूर्जाच्या परागकणांतील ‘बेट व्ही १’ या सुमारे १७ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाच्या प्रथिनात आहे. त्याच्या जनुकाची रचना व्हिएन्नातील संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. आल्डर, हेझल, हॉर्नबीम, बीच व ओक ही भूर्जाची भावकी. त्यांच्या परागकणांतही याच घडणीची प्रथिने असतात. हेझल व आल्डर जानेवारी-फेब्रुवारीतच फुलू लागतात, भूर्ज एप्रिलमध्ये आणि ओक, बीच त्याच्या पाठोपाठ. त्यामुळे एकाच प्रथिनाची ॲलर्जी असलेला माणूस चार-पाच महिने हैराण होतो आणि त्वचा-चाचणीत पाच झाडांचे चट्टे उठले की आपल्याला पाच आजार आहेत असे समजतो.

इथे नाते महत्त्वाचे, फुलण्याची वेळ नव्हे. ॲश हे झाड साधारण भूर्जाच्या सुमारासच फुलते, पण ते ऑलिव्हच्या कुलातले. त्याचे मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन अगदी वेगळे. म्हणून कोणत्या झाडाची ॲलर्जी आहे हे केवळ दिनदर्शिका पाहून ठरवणे फसवे ठरते. प्रथिननिहाय रक्तचाचणीने उलगडा होतो.

महाराष्ट्रात भूर्ज नैसर्गिकरीत्या वाढत नाही. जर्मनी किंवा स्वीडनला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या वसंतात बहुधा काहीच होत नाही. शरीराला त्या प्रथिनाची ओळख पटायला वेळ लागतो आणि काही वर्षांनी अचानक नाक वाहू लागते.

हे नाते ताटापर्यंतही पोहोचते. सफरचंद, चेरी, गाजर, सेलेरी व हेझलनट यांत तशीच प्रथिने असल्याने कच्चे सफरचंद खाताच ओठ व घसा खाजतो. उष्णतेने हे प्रथिन मोडते, त्यामुळे शिजवलेले सफरचंद अनेकांना चालते. सोयाच्या दुधाबाबत मात्र जपावे: ते घोटाघोटाने भरपूर पोटात जाते आणि भूर्जाची ॲलर्जी असलेल्या काहींना त्याची तीव्र प्रतिक्रिया आलेली आहे.