४० तास थेरपी दिली की निम्मी मुलं 'नॉर्मल' होतात?

ऑटिझमवाल्या पालकांच्या ग्रुपवर हे दर थोड्या दिवसांनी फिरतंच, आठवड्याला ४० तास एबीए (छोट्या छोट्या पायऱ्यांत, शाबासकी-बक्षीस देत वागणं शिकवायची थेरपी) द्या, ४७ टक्के मुलं नॉर्मल होतात म्हणे. आकडा हवेतला नाहीये, पण तो १९८७ सालचा, अमेरिकेत लोवास या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासातला, आणि ४७ टक्के म्हणजे किती तर १९ पैकी ९ मुलं! शिवाय जास्त तास कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून नाही, थेरपिस्ट उपलब्ध आहेत का त्यावर ठरलं. आणि 'नॉर्मल' कशावरून, तर आयक्यू नॉर्मल रेंजमध्ये आला आणि मूल साध्या शाळेत पहिली पास झालं, बास. आता तेच मूल घरी तहान लागली तर पाणी मागतं का, मिक्सर लागला की कान दाबून रडतं का, हे त्यात कुठे दिसणार?

२००० साली चिठ्ठ्या टाकून गट पाडून अभ्यास झाला (जास्त तासवाल्या गटालाही आठवड्याला साधारण २५ च), त्यात आयक्यू, भाषा यात फायदा दिसला पण माफक, रोजच्या कामांत आणि वागण्यात मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच.

त्यामुळे सेंटरवाल्यांना टक्केवारी विचारत बसू नका, सुरुवातीला काय येत होतं ते लिहून ठेवलंय का आणि शिकवलेलं घरी, आजीसमोर पण जमतं का, ते विचारा.